सोलापूरची उद्याने सोलापूरच्या पाण्यामातीला धरून व्हावीत : महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि उद्यान विभाग,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : शहरातील सार्वजनिक उद्याने, मैदाने आणि तलावकाठ यांच्या भूदृश्य आराखड्याबाबत.

महोदय,

सार्वजनिक उद्यानाचा आराखडा चार गोष्टींवर उभा राहतो : पाणी, माती, सावली आणि तिथे येणारी माणसे. कमान, कारंजे, रोषणाई आणि रंगीत फरशी यांचा विचार त्यानंतर करायचा असतो. ज्या गावात पाऊस मुबलक पडतो आणि ऊन सौम्य असते, तिथे हा क्रम उलटा झाला तरी बाग कशीबशी तगून जाते. सोलापुरात ती तगत नाही. उद्घाटनाच्या दिवशी हिरवीगार दिसणारी जागा दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळी पडते, तिसऱ्या वर्षी फरशी उखडते आणि त्यानंतर कुलूप लागते. यामागे माळ्याची हयगय क्वचितच असते. बहुतेक वेळा दोष आराखड्यातच असतो. म्हणून शहरात यापुढे होणारे प्रत्येक उद्यान आणि जुन्या उद्यानाचे प्रत्येक नूतनीकरण या जिल्ह्याच्या पाण्यामातीला धरून व्हावे, अशी या पत्राची मागणी आहे. त्यामागची कारणे आणि करता येण्याजोगी कामे पुढे क्रमाने मांडली आहेत.

शहराचा जुना आराखडा

भूदृश्य रचना, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर, हा व्यवसाय म्हणून एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५८ साली निवडलेला ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा त्याचा आरंभबिंदू मानला जातो. पण जमिनीचा उतार ओळखून पाणी अडवणे, त्याच्या काठी माणसे जमतील अशी जागा राखणे आणि ती जागा रस्त्यांनी गावाशी जोडणे हे काम सोलापुरात त्याच्या कितीतरी शतके आधी झाले आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर आणि त्यांच्या शिष्यांनी श्रमदानाने तलाव खोदला, अशी परंपरा आहे. त्या तलावात सिद्धेश्वराचे देऊळ आहे, बाजूला भुईकोट किल्ला आणि जवळच होम मैदान. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या दर्शनासाठी शहरभर फिरतात. पाण्याची जागा, मोकळे मैदान आणि त्यांना गावाच्या कानाकोपऱ्याशी जोडणारा पायी चालण्याचा मार्ग अशी एक पूर्ण रचना सोलापूरकर दरवर्षी पायांनी मोजतात.

होम मैदानाकडून एक महत्त्वाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे यात्रा भरते, सभा होतात आणि एरवी मुले क्रिकेट खेळतात. ते कशानेही भरून टाकलेले नाही, म्हणूनच त्याचा इतका उपयोग होतो. मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी बांधलेच पाहिजे, ही समजूत उद्यानांच्या आराखड्यातून काढून टाकावी लागेल.

पाणी

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. वार्षिक सरासरी पाऊस साधारण ५५० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यातला सर्वाधिक वाटा सप्टेंबरमध्ये पडतो आणि जून-जुलै पुष्कळदा कोरडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. शहराला उजनी धरणाचे पाणी शंभरएक किलोमीटरच्या जलवाहिनीतून आणावे लागते आणि ते घरोघरी काही दिवसांआड पोचते.

या पार्श्वभूमीवर लॉनचा हिशेब मांडावा. उन्हाळ्यात एक चौरस मीटर लॉनला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एकरभर लॉनला रोज वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत हा आकडा चोवीस लाख लिटरवर जातो. त्याच एकरावर वर्षभरात पडणारे पावसाचे सगळे पाणी थेंबही न सांडता साठवले, तरी ते बावीस लाख लिटर भरते. म्हणजे पूर्ण वर्षाचा पाऊस एका उन्हाळ्याच्या लॉनलासुद्धा पुरत नाही. ज्या शहरात माणसे पहाटे उठून नळाची वाट पाहतात, तिथे हा खर्च करणे अन्याय आहे. लॉन ठेवायचेच असेल तर लहान मुलांना लोळता येईल एवढा छोटा तुकडा ठेवावा आणि त्याला प्रक्रिया केलेले सांडपाणीच द्यावे.

याच हिशेबाची दुसरी बाजू आशादायक आहे. एकरावर पडणारे बावीस लाख लिटर आज बहुतांशी गटारात जाते, कारण उद्यानाची जमीन रस्त्यापेक्षा उंच केलेली असते आणि भोवती सलग कठडा असतो. जमिनीचा स्तर रस्त्याच्या खाली ठेवला, कठड्याला ठराविक अंतरावर तोंडे दिली आणि आत उताराला आडवे उथळ चर काढले, तर उद्यान स्वतःवरचे पाणी तर मुरवतेच, शिवाय शेजारच्या गल्लीतलेही सामावून घेते. सलग समतल चर ही पद्धत जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामांमुळे शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. शहरातल्या बागेत ती येऊ नये, असे काहीच कारण नाही.

ऑक्टोबर २०२० मधल्या अतिवृष्टीत शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. अशा वेळी खेळाचे पटांगण दीड-दोन फूट खोलगट ठेवलेले असेल तर ते काही तास पाणी धरून ठेवते, आजूबाजूच्या घरांचा बचाव होतो आणि पाणी ओसरल्यावर पटांगण पुन्हा खेळायला मोकळे होते. एकाच जागेचे हे दोन उपयोग आराखड्यातच लिहिलेले असले पाहिजेत. नंतर ते जमवता येत नाहीत.

माती

शहराचा बराच भाग काळ्या मातीवर वसलेला आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, ही त्याचीच दोन रूपे. अशा मातीवर पातळ वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले की पहिल्याच पावसाळ्यात काही ठोकळे वर येतात, काही खचतात, बाकाचा एक पाय बुडतो आणि संरक्षक भिंतीला तिरपी चीर जाते. ठेकेदार बदलून हा प्रश्न सुटत नाही.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. वाटेपुरती काळी माती उकरून काढावी, दीड फुटापर्यंत मुरूम भरून तो थराथराने पाणी मारून धुमसावा आणि वर शहाबादी फरशी सिमेंटच्या सांध्याशिवाय बसवावी. हा चुनखडीचा दगड शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येतो, सोलापूरच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि एखादी फरशी हलली तर काढून पुन्हा बसवता येते. ती उन्हात तापते, म्हणून वाट झाडांच्या सावलीतूनच काढावी. फिरायच्या वाटेला तर नुसता दाबलेला मुरूमही पुरतो. तो गुडघ्यांना मऊ लागतो आणि पाणी मुरू देतो. उकरलेली काळी माती फेकायची नसते. शेणखत मिसळून तीच झाडांच्या वाफ्यांत घालावी.

काळ्या मातीतून पाणी फार हळू खाली उतरते, हेही ध्यानात घ्यावे लागते. शोषखड्डा मातीच्या थरातच संपला तर तो डबके होतो. तो खालच्या मुरमापर्यंत, शक्य तर फुटक्या कातळापर्यंत न्यावा लागतो. झाडाच्या खड्ड्याचेही तसेच. चिकण मातीत सरळ भिंतींचा खोल खड्डा केला की पावसाळ्यात त्यात पाणी तुंबते आणि रोपाची मुळे कुजतात. खड्ड्याच्या कडा कुदळीने खडबडीत कराव्यात, तळाशी मुरूम घालावा आणि रोप किंचित उंचवट्यावर लावावे.

सावली आणि झाडे

सोलापूरच्या उद्यानात सावली ही पहिली सुविधा आहे. तिचीही आखणी असते. उन्हाळ्यात त्रास देणारे ऊन दुपारी दोन ते सहा या वेळेतले असते आणि ते पश्चिमेकडून येते. म्हणून बाक, पाण्याची टाकी आणि खेळणी यांच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला मोठ्या घेराची झाडे हवीत. आराखड्यावर झाड म्हणून एक हिरवा ठिपका काढून भागत नाही. त्या झाडाची दहा वर्षांनंतरची दुपारी चारची सावली कागदावर काढून दाखवायला आराखडाकाराला सांगितले पाहिजे.

कोणती झाडे लावावीत, याचे उत्तर जिल्ह्यातले जुने रस्ते आणि देवळांची आवारे देतात. दाट सावलीसाठी वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, शिरीष आणि इथे शतकानुशतके रुळलेली चिंच. फुलांसाठी पळस, पांगारा, कांचन, बहावा. कोरड्या कडेसाठी हिवर, बाभूळ, बोर, खैर, आपटा. झुडपांत तरवड, अडुळसा, निर्गुडी. करंजाला ऐन चैत्रात नवी पालवी येते आणि गरज असते तेव्हाच तो सर्वांत दाट असतो. कडुनिंब गुढीपाडव्याच्या सुमारास फुलतो. बहावा एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात पिवळ्या झुंबरांनी लगडतो. या झाडांना पहिली तीन वर्षे सांभाळले की पुढे ती आपल्या मुळांवर उभी राहतात.

याउलट गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे उथळ असतात, फांद्या वाऱ्यात मोडतात आणि कोरड्या प्रदेशात उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्या भागात तो जवळजवळ निष्पर्ण असतो. झटपट हिरवे दिसावे म्हणून रस्तादुभाजकांवर आणि बागांच्या कडेला लावला जाणारा कोनोकार्पस आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांवरून गुजरात सरकारने २०२३ मध्ये निषिद्ध ठरवला. सोलापूरच्या खरेदीयादीत अशा रोपांना जागा नसावी.

कोरड्या जमिनीत स्थानिक वनस्पतींचे उद्यान कसे उभे राहते, याचा उत्तम दाखला जोधपूरमध्ये आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे सत्तर हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. २००६ मध्ये प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे काम सुरू झाले. वेडी बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटते, म्हणून दगडाची जाण असलेल्या स्थानिक खाणकामगारांनी छिन्नी-हातोड्याने खडकाच्या फटींतून तिची मुळे काढली आणि त्याच खड्ड्यांत थरच्या वाळवंटातली मूळची झाडेझुडपे लावली गेली. २०११ पासून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क लोकांसाठी खुले आहे. तिथला पाऊस सोलापूरपेक्षा कमी आहे. कारंजी नाहीत, लॉन नाही आणि तरी ऋतूनुसार बदलणारी ती जागा पाहायला देशभरातून लोक येतात. वेडी बाभूळ सोलापूरच्या पडीक जागांवर आणि तलावांच्या काठीही माजली आहे. जोधपूरचे तंत्र इथे जसेच्या तसे उपयोगी पडेल.

उभ्या झाडांबाबत एक साधी शिस्त पाळली गेली तरी पुष्कळ वाचेल. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरल्याने मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. सोलापूरनेही आदेशाची वाट न पाहता तेच करावे.

गवत आणि माळरान

सोलापूरचा मूळ निसर्ग जंगलाचा नाही, माळरानाचा आहे. शहरापासून थोड्याच अंतरावर नान्नज आहे. तिथल्या गवताळ माळांसाठी आणि त्यांवर राहणाऱ्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. माळढोक तिथे आता क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल आणि धाविक यांचे घर तेच गवत आहे. झाडे नाहीत म्हणजे जमीन ओसाड, या समजुतीने माळांवर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावले गेले तेव्हा या जिवांची जागा कमी झाली.

शहरातल्या मोठ्या उद्यानांत या माळरानाचा एक तुकडा राखता येतो. मारवेल, पवना, कुसळी ही इथली गवते पहिल्या पावसाने उगवतात, सप्टेंबरात कमरेपर्यंत येतात आणि दिवाळीनंतर सोनेरी होतात. त्यांना पाणी घालावे लागत नाही. बी झडल्यावर वर्षातून एकदा कापणी केली की चाराही मिळतो. मधून एक वाट काढली, कडेने चार फलक लावले की शाळेच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा निसर्ग शहरातच पाहता येईल. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीने दाट झाडी लावण्याची सध्या सर्वत्र लाट आहे. ती पद्धत मुळात जंगलाच्या जमिनीसाठी आहे. शहरातल्या पडीक भूखंडावर ती करून पाहायला हरकत नाही, पण नैसर्गिक माळावर ती करणे म्हणजे असलेला निसर्ग पुसून दुसरा उभा करणे होय.

तलावकाठ

सिद्धेश्वर तलाव, धर्मवीर संभाजी तलाव म्हणजे जुना कंबर तलाव, आणि ब्रिटिश काळात, १८७१ मध्ये पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव, ही सोलापूरची खरी निसर्गसंपत्ती आहे. शहरातल्या तलावांत सांडपाणी मिसळते, त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात साचतात आणि त्यावर शेवाळ व जलपर्णी पोसली जाते. जलपर्णी यंत्राने काढली तरी खत तेच राहते, म्हणून ती काही आठवड्यांत पुन्हा पसरते. म्हणून सुशोभीकरणाचा पहिला रुपया नाल्याच्या मुखाशी खर्च व्हावा. सांडपाणी वळवावे आणि उरलेले पावसाळी पाणी पाणकणीस, लव्हाळे यांनी भरलेल्या उथळ वाफ्यांतून गाळून तलावात सोडावे.

तलावाभोवती सरळ उभी काँक्रीटची भिंत बांधली की काठ संपतो. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात ते उथळ, चिखलाच्या काठांवर. खोल पाणी आणि उभी भिंत त्यांच्या कामाची नसते. म्हणून काठाचा काही भाग दगडी पायऱ्यांचा, माणसांसाठी, आणि उरलेला सौम्य उताराचा, गवताचा, पक्ष्यांसाठी, अशी वाटणी आराखड्यात स्पष्ट असावी. पक्ष्यांच्या बाजूला रात्रीचे दिवे नसावेत. मूर्ती विसर्जनासाठी वेगळे कुंड आणि निर्माल्यासाठी खतखड्डा काठावरच असला की श्रद्धा आणि पाणी दोन्हींची राखण होते.

सिद्धेश्वर तलाव आणि हुतात्मा बाग यांच्या परिसरात भुईकोट किल्ला हे संरक्षित स्मारक आहे. केंद्रीय कायद्यानुसार अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. ही अडचण मानू नये. या परिसरात झाडे, गवत, पायवाटा आणि दगडी कट्टे एवढेच शोभतात आणि कायदाही तेच सांगतो.

माणसे

मे महिन्यात दुपारी चार वाजता एखाद्या वस्तीतल्या बागेत उभे राहिले की आराखड्यातली चूक डोळ्यांना दिसते. पश्चिमेला तोंड करून बसवलेली पत्र्याची घसरगुंडी हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते. खाली अंथरलेल्या काळ्या रबरी चटईचा वास येत असतो. झोपाळ्याच्या साखळ्या पोळतात. चार मुले मात्र बागेबाहेरच्या कडुनिंबाखाली मातीत गोट्या खेळत असतात. घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून, मातीच्या उंचवट्याच्या उतारावर बसवली तर ती तापत नाही आणि मूल उंचावरून पडत नाही. रबराऐवजी वाळू, प्लॅस्टिकऐवजी लाकडाचे ओंडके आणि वर झाडाची सावली, एवढ्याने खर्च कमी होतो आणि खेळाचे तास वाढतात.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगार आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया राहतात. घरे लहान, खोल्यांत मागाचा आवाज किंवा तंबाखूचा वास. मोकळ्या हवेची सर्वांत जास्त गरज यांना आहे. त्यांच्यासाठी गावाबाहेरचे मोठे उद्यान कामाचे नाही, घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर असलेली अर्ध्या एकराची बाग कामाची आहे. तिथे स्वच्छ स्त्री-स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, पाठ टेकता येईल असा कट्टा आणि बाहेरून आत दिसेल असे कुंपण हवे. प्रवेशाला पायरी नसावी आणि चढ एकास बारापेक्षा तीव्र नसावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतले आजोबाही आत येतील. फलक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावेत. बागेच्या वेळा पाळीवरून सुटणाऱ्या कामगाराला सोयीच्या असाव्यात.

आराखड्याआधी जागेची पाहणी करण्याची एक शिस्त या शास्त्रात आहे. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली : उतार, माती, पाणी, झाडे, वारा आणि माणसांचा वापर यांचे वेगवेगळे नकाशे करून ते एकमेकांवर ठेवायचे आणि कुठे काय बसते ते पाहायचे. त्यात एक नकाशा लोकांनी आपण होऊन पाडलेल्या पायवाटांचा असावा. लोक जिथून चालतात तिथेच वाट हवी. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर झाले. दोन शहरांच्या मैत्रीची ती सुंदर खूण आहे. पण तसल्या बागेची नक्कल सोलापुरात आणणे म्हणजे हा पाहणीचा टप्पाच गाळणे होय.

कायदा आणि हक्क

उद्याने, बागा आणि क्रीडांगणे पुरवणे हे काम चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवले आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या हिशेबाने शहराला किमान साडेनऊशे हेक्टर मोकळी जागा हवी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती पुष्कळदा भूखंडाच्या कोपऱ्यात, नाल्याकडेला, अरुंद पट्टीच्या रूपात सोडली जाते. मंजुरी देतानाच ती सलग आणि रस्त्यालगत आहे ना, हे तपासले तर नवा पैसा न लागता वस्तीवस्तीत बागेसाठी जागा मिळेल. उद्यानासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात दिलेला आहे. वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या राज्य कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. या झाडांची यादी प्रसिद्ध झाली की नव्या आराखड्यात ती आपोआप केंद्रस्थानी येतील.

देखभाल

उद्यान उभारणीची निविदा मोठी असते आणि देखभालीची तरतूद तुटपुंजी. हे प्रमाण बदलल्याशिवाय कोणताही आराखडा टिकणार नाही. मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी कचऱ्याच्या जुन्या ढिगावर सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९८०च्या दशकात तिथे काम सुरू झाले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. माती तयार व्हायला, झाडे वाढायला इतका काळ दिला म्हणून आज तिथे जंगल आहे. सोलापूरच्या निविदेतही रोपलागवड आणि तीन वर्षांचे संगोपन एकच काम धरावे. पैसे किती रोपे लावली यावर न देता, किती जगली यावर द्यावेत.

ठिबक, आच्छादन आणि मोजून पाणी देणे यांत या जिल्ह्यातले शेतकरी निष्णात आहेत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या डाळिंब बागायतदारांनी अत्यल्प पाण्यावर बागा उभ्या केल्या आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. उद्यान विभागाच्या माळ्यांचे प्रशिक्षण त्यांच्या बागांमध्ये व्हावे. झाडून गोळा केलेला पालापाचोळा जाळू नये. झाडांच्या बुंध्याभोवती तीन-चार इंच जाड पसरला की जमिनीतली ओल टिकते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची माती होते. माळ्याचे काम कौशल्याचे आहे. त्याला कायम नेमणूक, अवजारे आणि निर्णयात स्थान मिळाले पाहिजे.

या सर्वांच्या आधारे महापालिकेने पुढील गोष्टी ठरावाने निश्चित कराव्यात :

१. प्रत्येक नव्या उद्यानाच्या आराखड्यासोबत पाण्याचा वार्षिक हिशेब आणि दहा वर्षांनंतरच्या सावलीचा नकाशा सक्तीचा करावा. आराखडा प्रशिक्षित भूदृश्य रचनाकाराकडून घ्यावा आणि मंजुरीआधी वस्तीत मांडावा.

२. उद्यानांना पिण्याचे पाणी देणे टप्प्याटप्प्याने बंद करून प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि मुरवलेले पाणी वापरावे.

३. जिल्ह्यातल्या झाडांची व गवतांची महापालिकेची स्वतःची रोपवाटिका सुरू करावी आणि परदेशी, झटपट वाढणाऱ्या रोपांची खरेदी थांबवावी.

४. तलावांच्या कामात सांडपाणी अडवणे आधी आणि सुशोभीकरण नंतर, असा क्रम पाळावा.

५. पूर्व भागासह दाट वस्त्यांत चालत पोचता येतील अशा छोट्या बागांना निधीत अग्रक्रम द्यावा.

६. प्रत्येक उद्यानाच्या खर्चात देखभालीचा स्वतंत्र वार्षिक हिस्सा ठेवावा आणि तो दरवर्षी नागरिकांपुढे जाहीर करावा.

यातील एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. बहुतेकांनी खर्च वाचतो. लागणारा दगड, मुरूम, रोपे, बियाणे आणि हे काम जाणणारे हात सगळे याच जिल्ह्यात आहेत. महापालिकेने निर्णय घ्यावा. श्रमदानाची परंपरा असलेले हे शहर आपला वाटा उचलण्यात कमी पडणार नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक सोलापूरकर नागरिक